निशिगंधेचा पहिला चीक

हैबतीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही. गोठ्यात घोडी खूर आपटायची, तोच गजर. उठून तो आधी तिची जागा झाडायचा. लीद पाटीत भरून बांधावर टाकायची, ओल्या जमिनीवर राख पसरायची, झऱ्यावरून पाणी आणायचं, खरारा करायचा, चारही खूर एकेक उचलून आत अडकलेले खडे लोखंडी आकड्याने काढायचे. मग स्वतःचं तोंड धुवायचं. शकू, त्याची बायको, चहा घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहायची. चहासाठी तो घरात येणार नाही हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. उजाडायच्या आत तो माचीवाडीची उतरण उतरून घाटरस्त्याला लागायचा आणि पोलादपूरला कंपनीची बस पकडायचा.

माचीवाडी पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटाच्या अंगाला, डोंगराच्या एका सपाटीवर आहे. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईत. उरलेले नाचणी, वरी, थोडा भात लावतात आणि म्हशी, गाई, शेळ्या पाळतात. घोडा त्या वाडीत हैबतीखेरीज कोणी पाळला नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांचा कच्चा माल करणाऱ्या एका कंपनीत हैबती आणि मी माल चढवायला होतो. गोण्या आणि पिंपं. गोणी कशी उचलतो यावरून माणूस कळतो, असं मला वाटतं. बरेच जण कमरेतून उठतात आणि चाळिशीत वाकतात. हैबती गुडघ्यातून उठायचा, दम सोडत. गोणी ठेवताना तिचं शिवलेलं तोंड आतल्या बाजूला. त्याने लावलेल्या थप्पीत बोटभर फरक सापडायचा नाही. दुसऱ्याने वाकडी लावलेली थप्पी तो न बोलता पुन्हा लावायचा, आणि त्यासाठी त्याचा जेवणाचा वेळ जायचा.

त्याच्या घोडीची माल चढवायच्या धक्क्यावर चेष्टा चालायची. आमच्याबरोबरचा मोरू त्यात पुढे.

"हैबत्या, तुझी घोडी दूध किती देते रे?"

"घोडीचं दूध कोण काढतं?"

"मग नांगराला चालते?"

"नाय."

"मग ती घरात हाय तरी कोण तुझी? पाव्हणी?"

"पाव्हणीच समज."

"पाव्हणी चार दिसांनी जाते रे. ही तुलाच घालवील."

हैबती हसायचा. पण वाडीतही हेच बोलणं होतं, आणि तिथे तो हसत नसे. तिथल्या लोकांनी घोडीला नावच पाडलं होतं, 'ना दूध ना नांगर'. शकू पाण्याला निघाली की बायका विचारायच्या, "काय गो, ना-दूध-ना-नांगर बरी हाय ना?" ती घरी येऊन सांगायची. सांगू नये ते सांगायची, असं हैबती म्हणायचा. पण ऐकून घ्यायचा.

हे वेड लहानपणचं. त्याचा बाप उन्हाळ्यात गवताचे भारे घेऊन घाट चढून महाबळेश्वरला जायचा. तिथल्या घोडेवाल्यांना गवत लागायचं. हैबती बरोबर असायचा, लहान भारा घेऊन. पर्यटकांना फिरवणारी तट्टं त्याने खूप पाहिली होती, त्यांचं त्याला काही वाटलं नाही. एका वर्षी एका बंगल्यावर कोणी शेठ स्वतःचा घोडा घेऊन उतरला होता. पांढरा अरबी. कपाळाखाली तोंड बशीसारखं आत गेलेलं, नाकपुड्या रुंद, डोळे जवळजवळ बाईचे. चालताना शेपूट वर. हैबतीने हातातलं गवत पुढे केलं. घोड्याने गवत घेतलं नाही, त्याचा हात हुंगला, मग गळा हुंगला. एवढंच झालं. बापाने दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा कान धरून नेलं.

नोकरी लागल्यावर त्याने आधी एक लंगडी तट्टाणी घेतली, कारण परवडलं तेवढंच. तिला बरी केली. तिच्यापासून अर्ध्या अरबी रक्ताची एक घोडी झाली, तिला महाबळेश्वरच्या पठारावर एका घोडेवाल्याच्या तबेल्यात वाढवायला दिली आणि शेवटी त्यालाच देऊन टाकली. "अर्धं रक्त म्हणजे अर्धंच," असं तो म्हणायचा. पावसाळी जादा पाळ्या त्याने किती केल्या त्याला गणती नाही. आम्ही छत्रीखाली उभे असायचो तेव्हा तो भिजलेल्या गोण्या उलटत असायचा.

निशिगंधा त्याला येसाजीकडून मिळाली. येसाजी महाबळेश्वरचा घोडेवाला. पुण्याकडचा कोणाचा तरी तबेला मोडला तेव्हा त्याने ती स्वस्तात उचलली होती. अस्सल अरबी, दुधासारखी पांढरी. पण पोरं पाठीवर बसली की चावायला धावायची, म्हणून धंद्याच्या कामाची नव्हती. हैबती तिच्यापुढे उभा राहिला. तिने त्याचा गळा हुंगला. येसाजी मला नंतर म्हणाला, "तेव्हाच मला कळलं, भाव वाढवला तरी हा घेणार. पण मला लाज वाटली."

ती आली तेव्हा तरुण नव्हती. हैबतीला तिच्यापासून एक शिंगरू हवं होतं. पूर्ण रक्ताचं, त्याच्या गोठ्यात जन्मलेलं. बाकी त्याला काही नको होतं, मी हे खात्रीने सांगतो, कारण पंचवीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली.

वाईजवळ एका बागाईतदाराकडे अरबी नर होता. टेंपोत निशिगंधा घाबरायची, अंग सोलून घ्यायची. म्हणून हैबतीने तिला चालवत नेलं. आंबेनळी घाट चढून, पठार ओलांडून, पसरणी घाट उतरून. स्वतः पुढे, दोर हातात. एकदाही पाठीवर बसला नाही. पहिल्या खेपेला ती फळली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच वाट. दुसऱ्या खेपेला ती गाभण राहिली. घोडी अकरा महिने वागवते. ते अकरा महिने तो धक्क्यावर इतका बोलायचा की मोरूच कंटाळला.

आता माचीवाडीची एक रीत सांगायला हवी. वाडीत कुठलंही दुभतं जनावर व्यालं की त्याचा पहिला चीक वाघजाईला जातो. चीक म्हणजे व्यायल्यानंतरचं ते पहिलं दाट, पिवळसर दूध. वाडीच्या वर झाडांच्या राईत देवीचा पाषाण आहे. तिचा एक पितळी तांब्या आहे, तो सखा गुरवाकडे असतो. जनावर व्यायला आलं की तांब्या घरी आणून ठेवायचा. व्यालं की त्यात चीक काढायचा, मालकाने उपाशीपोटी राईत जाऊन तो पाषाणावर वाहायचा आणि परत येऊन मग वासरू आईला सोडायचं. तोवर वासराच्या तोंडाला मुसकं. म्हशीच्या कासेतून तांब्याभर गेला तर रेडकाला कळतही नाही. तरी जुनी माणसं तांब्याचा तळ झाकेल एवढाच चीक काढायची. देवी मोजत नाही, म्हणायची.

हैबती तांब्या मागायला गेला तेव्हा सखा हसला.

"घोडीचा चीक कोण मागतंय रे? देवीने तरी जन्मात घोडी बघितली का?"

"घोडी व्याली की दुभतीच ना?"

"दुभती? तिचं दूध काढून तू काय खरवस करणार हायस?"

"तांब्या दे."

"घे बाबा. पण तुझ्यावर कोणाची सक्ती नाय. उद्या म्हणशील गुरवाने सांगितलं."

हे सखाने मला पुढे स्वतः सांगितलं. देवीने मागितलं नव्हतं, गुरवाने मागितलं नव्हतं, वाडीने तर नाहीच.

त्या पहाटे हैबती उठला तेव्हा घोडी व्यालेली होती. नर. पांढऱ्या घोडीचं पिल्लू पांढरं नसतं. ते काळपट तांबूस होतं, पाय लांब आणि वाकडेतिकडे. त्याला त्याने कोरड्या गोणपाटाने पुसलं. थोड्या वेळात ते उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली तोंड घालून शोधायला लागलं. हैबतीने त्याला बाजूला घेतलं आणि मुसकं बांधलं. मग तांब्या घेऊन घोडीखाली बसला.

पुढचं मला शकूवहिनीने सांगितलं. ती दारात चहा घेऊन उभी होती.

"पिऊ दे की त्याला आधी. देवी काय उपाशी हाय?"

"रीत हाय गो."

"रीत तळापुरती हाय. झाला तळ. उठा आता."

तो उठला नाही. घोडीला दोनच सड असतात, कास मूठभर. धार बारीक येते. तो काढत राहिला. शकू म्हणाली, "अर्धा झाला, न्या आता." तो म्हणाला, "अर्धा तांब्या घेऊन वाडीतून जाऊ? हसायला?" आणि त्याने काढत काढत तांब्या काठोकाठ भरला. शेवटी सड कोरडे पडले. म्हशीचा एक तांब्या म्हणजे विहिरीतला एक पोहरा. घोडीचा एक तांब्या म्हणजे विहीरच.

गोठ्यामागून राईत जायला जवळची पायवाट आहे. त्या वाटेने तो गेला नाही. वाडीच्या मधून गेला, सांडू नये म्हणून सावकाश, दोन्ही हातांत तांब्या धरून. उजाडत होतं. दारं उघडत होती. कोणी तरी म्हणालं, "अरे, ना-दूधने तांब्या भरला की." ठमाबाई, शेजारची म्हातारी, अंगणातून बघत म्हणाली, "आमच्या म्हशीनेपण कधी एवढा दिला नाय देवीला."  हैबतीची मान वर होती, असं शकू म्हणते. अशी मान तिने लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

राईत सखाची अंघोळ व्हायची होती. मग पूजा, मग गाऱ्हाणं. हैबती परतला तेव्हा ऊन कौलांवर आलं होतं. शिंगरू खाली बसलं होतं. मुसकं काढलं. ते उठलं, सडाला लागलं, ओढलं. आलं ते थोडं आणि पातळ. ते ओढता ओढता तिथेच टेकलं.

दोन दिवस बरं वाटलं. मग त्याचे गुडघे सुजले, अंग तापलं. पोलादपूरचे गुरांचे डॉक्टर मोटरसायकल रस्त्यावर ठेवून चढण चढून आले. भला माणूस. तपासलं आणि विचारलं, "पहिला चीक कधी प्यायला?"

हैबतीने सांगितलं.

"किती काढला होता?"

हैबतीने घरातला तेवढ्याच मापाचा एक तांब्या आणून दाखवला. डॉक्टरांनी तांब्या हातात घेतला. मग त्यांनी सांगितलं की असं पिल्लू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्याजवळ स्वतःचं काही नसतं. जे मिळतं ते पहिल्या चिकातून, तेही पहिल्या काही तासांत. नंतरच्या दुधाने पोट भरतं, पण ते काम होत नाही. त्यांनी सुया दिल्या, दुसऱ्या दिवशीही आले. जाताना म्हणाले, "फक्त त्यामुळेच झालं असं नाही सांगता येत. नाळेतूनसुद्धा रोग शिरतो. मनाला लावून घेऊ नका."

शकू म्हणते, हे वाक्य त्यांनी तिला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते धरून ठेवलं असतं. हैबतीने ते हातातही घेतलं नाही.

शिंगरू गेलं. जांभळीच्या झाडाखाली त्याने एकट्याने खड्डा खणला. तिथे कातळ आहे, पहार लागते. आठवड्याच्या आत घोडीची कास भरून आली. आता दूध येत होतं आणि प्यायला कोणी नव्हतं. कास दुखायची, ती पाय झाडायची. ती आटेपर्यंत हैबती थोडं थोडं काढून तिला मोकळी करायचा आणि ते दूध जांभळीच्या बुंध्याशी ओतायचा.

तो पाळीवर आला तेव्हा मोरूने विचारलं, "काय झालं रे? नर का मादी?"

"नर."

"कसं हाय?"

"गेलं."

 त्या दिवशी पिंपाची जड बाजू मोरूने घेतली. आणि घोडीवरून पुन्हा कधी बोलला नाही.

महिना गेल्यावर भाकरी खाताना हैबती मला म्हणाला, "मुरारी, मी देवीला चीक नेलाच नाय. वाडीला दाखवायला नेला. देवी फक्त वाटेत होती."

मी म्हणालो, रीत होती, तू काय करणार. तो म्हणाला, "रीत तळापुरती होती." आणि भाकरी गुंडाळून ठेवली.

त्यानंतर तो दूध घातलेला चहा प्यायला नाही. कोणाची म्हैस व्याली की वाडीत घरोघर खरवस वाटतात. तो ताट समोरून सरकवायचा. पुढच्या वर्षी निशिगंधेला पुन्हा वाईला नेली, शकूनेच आग्रह केला म्हणून. फळली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. हैबतीने मान डोलावली. जणू हे त्याला आधीच माहीत होतं आणि हे योग्यच होतं. तो तिची जागा मात्र आधीसारखीच झाडायचा, आणि आता रात्रीच्या पाळीहून आला तरी आधी तिचे खूर बघायचा.

निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याचा सगळा हिशेब दिला. अडतीस वर्षांच्या पाठीचा पैसा. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं तो कुठे जाणार. येसाजीचा निरोप आला होता: एक कोवळी अरबी घोडी विकायला आहे, आणि गाभण आहे. हैबती बघून आला. मी बरोबर होतो. काळसर करडी, तोंड तसंच बशीसारखं. हैबतीने तिच्या मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून हात फिरवला. चारही खूर उचलून पाहिले. येसाजी म्हणाला, "ही शेवटची संधी हाय तुला. दुसऱ्या कुणाला देत नाय, पण सोमवारच्या पुढे थांबत नाय." हैबती म्हणाला, "सोमवारी येतो." परत उतरताना तो गोठ्यात भिंत कुठे घालायची ते बोलत होता. कितीतरी वर्षांनी मी त्याला तसं बोलताना ऐकलं.

घरी शकू म्हणाली, "आणा. मी काय आडवी येत नाय. निशिगंधेलापण सोबत होईल."

त्याच आठवड्यात ठमाबाईची गाय व्याली. पहिल्या वेताची, लहान चणीची. हैबती सकाळी गोठा झाडत होता तेव्हा त्याला पलीकडे पितळ वाजल्यासारखं ऐकू आलं. तो कुंपणावरून गेला. वासराच्या तोंडाला मुसकं. ठमाबाई गायीखाली बसलेली, तांब्या पाऊण भरलेला, आणि ती अजून काढतेय.

"ठमाकाकी, पुरे. तळ झाकला की पुरे असतं."

"पूर्वी असायचं रे. आता भरून नेतात."

"कोण नेतात?"

"सगळेच. तू घोडीचा भरून नेलास तेव्हापासून. घोडी भरून देते आणि माझी गाय काय तळ दाखवणार? लोक काय म्हणतील?"

"माझं शिंगरू मेलं, काकी."

"ते तुझं नशीब. तांब्या तर भरला ना."

हैबतीने तिच्या पाया पडून अर्धा चीक बशीत काढून घेतला आणि वासराला बोटाने चाटवला. म्हातारी रागावली, देवीचं उष्टं केलंस म्हणाली. वासरू जगलं. पण वाढलं नाही. कितीतरी दिवस ते उभं राहिलं की मागचे पाय थरथरायचे. हैबतीने सखाला विचारलं. सखा म्हणाला, हो, गेल्या काही वर्षांत तांब्या काठोकाठच येतो. म्हाताऱ्या रामाच्या शेळीचासुद्धा. शेळीच्या दोन करडांतलं एक गेलं होतं. कोणी ते तांब्याशी जोडलं नव्हतं.

"मला वाटलं माझं एक गेलं," हैबती मला म्हणाला. "एकच नाय गेलं."

सोमवारी तो महाबळेश्वरला गेला नाही. वाडीतल्या जाणत्यांना राईत बोलावलं आणि सांगितलं, देवीचा तांब्या बदलायचा आहे. मला त्याने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. रामा सगळ्यांत वडील. तो म्हणाला, "वाडवडिलांपासूनचं माप. तू देवीचं माप कमी करतोस?"

"कमी नाय करीत. चांदीचं करतोय."

 सखा म्हणाला, "चांदी म्हटल्यावर देवी नाय कशाला म्हणेल? गुरवाची तर हरकतच नाय."

"केवढं करणार?" रामाने विचारलं.

हैबतीने अंगठ्याचं पेर दाखवलं. कोणी तरी हसलं. रामा हसला नाही. "देवीला विचारायला पायजे," म्हणाला.

कौल लावला. पाषाणाच्या डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार. पहिल्यांदा डावी पडली. हैबती हात जोडून उभा होता. म्हणाला, "चौथरा करून देतो. घडीव दगडाचा. आणि वाडीला जेवण." सखाने पाकळ्या पुन्हा लावल्या. उजवी त्याने थोडी कमी ओली केली होती का, ते मला माहीत नाही. मी एवढंच पाहिलं की ती पडेपर्यंत हैबतीने दम घेतला नव्हता. गोणी उचलतानासुद्धा तो दम कोंडत नसे.

उजवी पडली.

येसाजीने फोन केला. "वाट बघतोय तुझी."

"नाय येत मी."

"पैसे कमी पडतायत का? सांग, बघू काही तरी."

"नाय रे. दुसरीकडे लागले."

ती घोडी साताऱ्याकडच्या कोणी तरी नेली. पुढे तिला शिंगरू झाल्याचं येसाजीने कळवलं. मादी. हैबतीने विचारलं, "चीक प्याली ना?" येसाजीला प्रश्न कळला नाही. म्हणाला, "प्याली असेल की. तिची आई हाय ना."

वाटी महाडला केली, चवदार तळ्याच्या पुढे जुन्या बाजारात एक सोनार आहे त्याच्याकडे. सोनार म्हणाला, "एवढीशी? बारशाची वाटी याहून मोठी असते, मामा."

"एवढीच. आणि काठ जाड करा. कोणाला ठोकून मोठी करता आली नाय पायजे."

चौथऱ्याचे दगड टेंपोने घाटरस्त्यापर्यंत आले. तिथून वर राईपर्यंत चढण. वाडीतल्या तरुणांनी हात द्यायला पाहिलं. हैबतीने दगडाला हात लावू दिला नाही. साठीचा माणूस, पाठीवर गोणपाटाची घडी, त्यावर दगड, गुडघ्यातून उठायचं, दम सोडत. मी एक खेप करतो म्हणालो तर म्हणाला, "तू बस. तुझा चीक नव्हता तो." काम संपायला पावसाळा तोंडावर आला. दगड बसवताना प्रत्येकाची घडीव बाजू बाहेर, सांध्यात नख जात नाही. मी बोट फिरवून पाहिलं.

जेवणाच्या दिवशी शकूने खरवस वाढला. रामाच्या म्हशीचा चीक होता. हैबतीच्या पानात तिने वाढला नाही, विचारलंही नाही. तो सगळ्यांच्या पंक्ती उठेपर्यंत वाढत राहिला आणि मग गोठ्यात निशिगंधेकडे गेला. ती अजून आहे. दात झिजलेत, चारा भिजवून द्यावा लागतो. साडेतीनला खूर आपटते. तो उठतो.

पितळी तांब्या आता चौथऱ्यावर पालथा असतो. ठमाबाईची गाय पुन्हा व्याली तेव्हा शकू वाटी घेऊन तिच्याकडे गेली. म्हातारीने वाटी उलटसुलट करून पाहिली. "एवढ्यात देवीचं काय होतंय?" म्हणाली. तरी तिने एकच धार काढली, वाटी भरली, आणि शकूने तिथल्या तिथे वासराचं मुसकं सोडलं. मुसकं सोडायला परत येईपर्यंत थांबायचं, हे सखाने रिवाजातून काढलेलं नाही. शकूने ते न विचारता मोडलं. हैबती कुंपणाच्या अलीकडे उभा होता. वासरू पीत होतं ते त्याने ऐकलं. पलीकडे गेला नाही.

येसाजीच्या घोडीवर जायचा होता तो पैसा राईतल्या घडीव दगडांत आहे, वाडीच्या एका जेवणात गेला, आणि उरलेला एका चांदीच्या वाटीत आहे, जिच्यात अंगठ्याचं पेरही पुरतं बुडत नाही.